लंगरातला माणूस

टेप चालू

"हा लाल दिवा पेटलाय म्हणजे ते ऐकतंय?"

"हो, आजोबा. बोला तुम्ही."

"मग त्याला सांग, मी दौलत गोविंद चाळके. डाव्या कानानं ऐकू येत नाय. उजव्या कानानं जेवढं ऐकलं तेवढं सांगतो. बाकीचं सरकारला विचारा."

पडवीच्या दुसऱ्या टोकाला त्यांची सून कुळीथ पाखडत बसली होती. ती हसली. तिचं हसू टेपवर आहे, सुपाचा आवाज आहे, मध्येच एक कोंबडा आहे. मी बावीस वर्षांची होते. इतिहासात एम.ए. करत होते आणि सगळं टेपवर आलं म्हणजे सगळं हाती लागलं, असं मला वाटत होतं.

"तुमच्या तुकडीचं नाव काय होतं?"

"नाव नव्हतं गो. नंबर होता, तोबी बदलत ठेवायचे. आणि आमची नावं छावणीत पहिल्याच दिवशी काढून घेतली. कपडे उतरवले, बिल्ले घेतले आणि दुभाष्यानं झाडांची नावं वाटली. मी पळस. कुणी धावडा, कुणी किंजळ, कुणी हेळा. घर कुठं, गाव कुठलं, बोलायचं नाय. एखादा जपान्याच्या हाती लागला आणि त्याची बोटं तोडली, तरी त्याला आमची नावं सांगता येऊ नयेत म्हणून."

"म्हणजे कुणालाच कुणाचं खरं नाव माहीत नव्हतं?"

"नाय. आणि कागदावर आम्ही ब्रह्मदेशच्या त्या जंगलात नव्हतोच. कुणी खेचरांच्या तांड्यात, कुणी दवाखान्यात, कुणी लंगरात भात शिजवायला. मी कागदावर न्हावी होतो. अजून मला वस्तरा धरता येत नाय."

सून पुन्हा हसली. मी हसले नाही. लंगर हा शब्द ऐकायलाच मी घाट उतरून आले होते.

"आजोबा, हा फोटो बघा. हे माझे आबा. तातोबा शेडगे. ओळखता?"

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"हा म्हातारा आहे. माझ्याबरोबर होती ती पोरं होती. फोटो बघून माणूस ओळखायला मी काय मतदानाला बसवलेला मास्तर आहे?"

"पण त्यांनी तुम्हाला ओळखलं. म्हणजे तुमचं नाव त्यांनीच मला सांगितलं."

"कसं? आत्ता तर म्हटलं, नावं नव्हती."

"लष्करातून सुटी झाली तेव्हा डेपोत खऱ्या नावानं पुकारा झाला. पळस उठून गेला तेव्हा 'दौलत चाळके' असा पुकारा झाला होता, हे आबांच्या लक्षात राहिलं. तुम्ही ट्रकमध्ये बसून गेलात. त्यांचं नाव तुमच्यानंतर आलं."

टेपवर नुसतं सूप वाजतंय.

"असेल," ते म्हणाले. "माणूस बघितल्याशिवाय मी काय सांगणार नाय."

टेप बंद

इथं कॅसेटची बाजू संपली. मी उलटवायला गेले तर चाळके म्हणाले, राहू दे, जरा दम खाऊ दे त्याला. सुनेनं कोकम सरबत आणलं.

मी कशासाठी आले होते, ते त्यांना मी याच वेळी सांगितलं. आमच्या उंबरोशीत शाळेसमोर शिळा बसणार होती. गावातून लढाईवर गेलेल्यांची नावं तिच्यावर कोरायची होती. समितीचे प्रमुख सुभेदार रंगराव मोकाशी. त्यांनी आबांचा कागद बघितला आणि भरल्या चावडीत म्हणाले, "तात्या, कागदावर तू लंगरात हाईस. भांडी घासणाऱ्याचं नाव शूरांच्या शिळेवर घातलं तर उद्या धोबी यील, न्हावी यील. एक साक्षीदार आण. मग बघू."

लढाईबद्दल आबा कधीच काही बोलले नव्हते. एकदाच, मी लहान असताना, कुणीतरी फारच डिवचल्यावर त्यांच्या तोंडून गेलं होतं, "मी कमांडोत होतो." तेवढ्यावर गावानं त्यांना कमांडो तात्या करून टाकलं. कुणी मानानं म्हणायचं, कुणी तोंडात पदर धरून. पण शिळेची गोष्ट निघाल्यापासून ते बदलले होते. सकाळी उठले की मला विचारायचे, "माझं नाव घालणार का गं?" पाथरवट शाळेसमोर दगड तासत बसायचा, तिथं जाऊन त्यांनी आपल्या नावाची जागा बघून ठेवली होती. वरून तिसरी ओळ. त्या जागेवर ते तळहात फिरवायचे. तोवर आयुष्यात त्यांनी कुणाकडं काही मागितलेलं मी बघितलं नव्हतं.

"एवढंच हवंय त्यांना," मी चाळक्यांना म्हणाले. "तुम्ही चार माणसांत सांगितलंत, की हे आमच्यात होते, की झालं."

"तुझा आजा आता काय करतो? चालतो कसा? हात कसे आहेत?"

"हात?" मी म्हणाले. मला एकदम सुचलं. हे सांगितलं की यांना पटेल, असं वाटलं. "त्यांचे हात साऱ्या खोऱ्यात माहीत आहेत. आमच्या देवीच्या जत्रेत मानाचं बोकड असतं ना, ते लढाईवरून आल्यापासून आबाच कापतात. त्यांच्या हातचं बोकड ओरडत नाही. आवाजच नाही. लोक बघायला येतात. एक संपतं आणि शेजारी बांधलेलं पाला खात असतं, त्याला पत्तासुद्धा नसतो."

चाळक्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला.

"कसं?"

"काय कसं?"

"ओरडत नाय ते कसं? दाखव बघू. हात कसा धरतो?"

मी हवेत हात धरून दाखवला. त्यांना दिसलं नाही. "जवळ ये," ते म्हणाले, आणि माझा डावा हात घेऊन त्यांनी स्वतःच्या जबड्यावर ठेवला. दाढीचे खुंट टोचत होते. खालची कातडी सैल आणि गार होती.

"असा?"

"नाही. अंगठा इथं, जबड्याच्या हाडाखाली. जीभ वर दाबली जाते. आणि चार बोटं अशी, नाकावरून. मग मान स्वतःच्या छातीकडं घेतात. ओढत नाहीत, जवळ घेतात."

"आणि सुरी?"

"कानाच्या मागं. पुढून नाही."

मी उजव्या हाताचं बोट त्यांच्या उजव्या कानामागं टेकवलं. तो कान ऐकू येणारा होता. त्यांनी डोळे मिटले होते. माझा हात त्यांच्या तोंडावर होता, त्यामुळं ते बोलू शकत नव्हते. सुनेचं सूप थांबलं होतं. ती आमच्याकडं बघत होती.

मी हात काढला. त्यांनी तोंड पुसलं.

"लोक जमतील?" त्यांनी विचारलं.

"कुठं?"

"तुझ्या गावात. मी सांगायला आलो तर."

"सगळा गाव जमेल, आजोबा!"

"मग येतो," ते म्हणाले. "उद्याच येतो. कपडे काढ गो माझे धुतलेले," हे सुनेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

टेप चालू

(दुसरी बाजू. जीपचा आवाज फार आहे. आम्ही घाट चढतोय.)

"तुझ्या आज्याला मुलगे किती?"

"एकच. माझे वडील. ते पुण्याला असतात."

"भाऊ?"

"आबांना? नाही. एकटेच होते."

"बरं झालं."

(पुढं नुसती जीप.)

टेप बंद

आबांनी दाढी केली होती. आईनं त्यांचा काळा कोट उन्हात टाकून झटकला होता. एरवी ते घराबाहेर ओट्यावर बसायचे, त्या दिवशी सकाळपासून शाळेच्या पटांगणात जाऊन बसले, शिळेशेजारी, मांडवाखालच्या लोखंडी खुर्चीत. जीप थांबली तेव्हा ते उठले. पोरांच्या रांगा होत्या, बायका भिंतीला धरून उभ्या होत्या. मोकाशींनी बिल्ले लावले होते.

चाळके उतरले. रबरी चपला, धोतर, पांढरा सदरा. त्यांनी कुणाचा हात धरला नाही. पटांगण ओलांडून सरळ आले.

आबा त्यांच्याकडं बघत होते. माझे आबा असं कुणाकडं बघू शकतात, हे मला माहीत नव्हतं. शाळा सुटल्यावर दारात आई दिसलेल्या पोरासारखे.

"पळस," ते म्हणाले. हळूच. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

चाळक्यांनी त्यांना मिठी मारली. एक हात आबांच्या डोक्यामागं धरला आणि तोंड त्यांच्या कानाशी नेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी डोळे पुसले. कुणीतरी "भारत माता की" म्हणालं आणि सगळा गाव "जय" म्हणाला. आबांचे हात चाळक्यांच्या पाठीवर जायला उचलले गेले होते. ते अर्ध्यात थांबले. तिथंच राहिले, हवेत, टाळ्या संपेपर्यंत.

मग चाळके बाजूला झाले आणि मोकाशींकडं वळले.

"हा आमच्यात नव्हता."

"काय?" मोकाशी म्हणाले.

"मी ह्या माणसाला ओळखत नाय."

पटांगणात

"आँ? मग गळ्यात कशाला पडला?"

"म्हातारं हाय, म्हणून पडला असंल."

"अहो बाबा, नीट बघा जरा. वय झालंय दोघांचं."

"बघितलं. आमच्या तुकडीत प्रत्येक माणूस मला ठाऊक. हा नव्हता."

"मग हा हुता कुठं?"

"मला काय माहीत? छावणीत लंगरात माणसं असायची. भांडी घासायला, भात शिजवायला. आमी काय त्यांची तोंडं बघत नव्हतो."

"बघा! मी काय म्हणत हुतो? कागद खोटं बोलत न्हाई."

"सुभेदार, थांबा, तात्यालाच इचारा की."

"तात्या, आरं बोल की!"

"कमांडो तात्या, बोला!"

"गप रे पोरांनो. हसू नका."

"आबा," मी म्हणाले, "तुम्ही आत्ता यांना पळस म्हणालात. मी ऐकलं. नाव माहीत होतं तुम्हाला. आजोबा, काल तर तुम्ही..."

"काल मी म्हटलं, माणूस बघून सांगतो. बघितला."

"तातोबा शेडगे," मोकाशी मोठ्यानं म्हणाले, चावडीत आरोपीचं नाव घ्यावं तसं, "सगळ्यांसमोर सांग. तू लंगरात हुतास का न्हाई?"

आबा मोकाशींकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत नव्हते. ते चाळक्यांच्या पायांकडं बघत होते. रबरी चपलांकडं, धुळीनं भरलेल्या बोटांकडं.

"व्हय," ते म्हणाले. "लंगरात हुतो."

"आणि ती कमांडोची गोष्ट?"

"पाव्हणं म्हणत्यात तेच खरं."

आधी एक पोरगं हसलं. मास्तरांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला, आणि मग मास्तरच हसले.

फाट्याकडं जाताना

चाळक्यांनी जीप नको म्हटलं. फाट्यावरून एस.टी. धरतो म्हणाले. मी त्यांच्याबरोबर गेले ते त्यांना पोचवायला नाही. मला त्यांना काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. दोन्ही बाजूंना भुईमूग काढलेली रानं होती. शेवटी तेच बोलले.

"तुझ्या आज्याच्या हातचं बोकड ओरडत नाय म्हणालीस ना? किंजळबी ओरडला नाय."

मी थांबले. ते थांबले नाहीत, म्हणून मला पुढं जाऊन त्यांना गाठावं लागलं.

"नदीच्या काठाला आमी गवतात पडलो होतो. माणसाच्या डोक्यावर जाईल असं गवत. एकामागं एक, तोंड जमिनीला. मागं वळून बघायचं नाय, हा नियम. पुढं मी, माझ्या मागं किंजळ, त्याच्या मागं धावडा. धावडा म्हणजे तुझा आजा. जपानी पाण्यावर उतरले. आंघोळी करायला लागले, चुली पेटवल्या. मोठी पलटण होती. आमी मूठभर. आणि किंजळला ताप. बडबडायला लागला. पाणी मागत होता, आये म्हणत होता. मी त्याला मागच्या मागं लाथ मारली, गप रहा म्हणून. नाय राहिला. आवाज वाढायला लागला. आणि मग एकदम थांबला."

समोरून बैलगाडी आली. गाडीवाल्यानं मला विचारलं, "पाव्हणं आपलंच का?" मी मान हलवली. गाडी गेली.

"मला वाटलं, ताप उतरला," चाळके म्हणाले. "मी देवाचे आभार मानले गो. तोंडात माती गेली होती, त्या मातीसकट मानले. जपानी निघून गेल्यावर वळून बघितलं तर तो पालथा पडलेला, कानामागं एवढीशी जागा. सायब म्हणाला, चला. गवतात झालेलं गवतात ठेवायचं, असा दंडक होता. कोणी विचारलं नाय. मी पण नाय. मला वाटलं, सायबानंच केलं. कालपतोर तेच वाटत होतं. सायबाला मी माफबी करून टाकलं होतं. परका माणूस, त्याचं ते काम."

"पण ते सगळ्यांसाठीच..." मी म्हणाले. "तुम्ही सगळे मेला असता."

"मेलो असतो. मीबी. मी हिथं चालतोय तो तुझ्या आज्यामुळं. कळतं मला ते."

"मग?"

"किंजळ म्हणजे यशवंत गोविंद चाळके. माझा धाकटा भाऊ."

मला आठवतं, मी त्या क्षणी त्यांच्या कानाकडं बघितलं, जिथं आदल्या दिवशी माझं बोट होतं.

"एका घरातले दोघं तुकडीत घेत नसत. यसू हट्टानं माझ्या मागं आला. आमी त्याचं आडनाव वेगळं सांगितलं, गाव वेगळं सांगितलं. पुढं झाडांची नावं मिळाली, बरंच झालं. कोणाला कळलं नाय. त्याला गाडलासुद्धा नाय आमी, वेळ नव्हता. माझे बूट फाटले होते. धावड्यानं यसूच्या पायातले काढले आणि माझ्यापुढं टाकले. म्हणाला, घाल, तुला व्हतील. झाले. अगदी बरोबर झाले. भावाभावाचे पाय. ते घालून मी डोंगर ओलांडून हिंदुस्थानात आलो. आणि वाटेत रोज धावडा नि मी एका डब्यात जेवलो. तो चांगला होता. आजारी पडलो तर माझी बंदूक त्यानं उचलली."

"आबांना माहीत नव्हतं, की तो तुमचा भाऊ आहे."

"कसं माहीत असणार? आमीच लपवलं."

"मग त्यांचा काय दोष? तुम्हाला सगळं कळतंय. तुम्हीच म्हणताय, कळतंय म्हणून."

"कळतं," चाळके म्हणाले. "पण कळतं म्हणजे चालतं, असं तुला कोणी सांगितलं?"

फाट्यावर वडाखाली दोन बाया बसल्या होत्या. आम्ही त्यांच्यापासून लांब उभे राहिलो.

"कानात काय सांगितलंत त्यांच्या?"

"तेवढंच. किंजळ माझा धाकटा भाऊ होता. दुसरं काय नाय. बाकीचं तो आपणच बोलला." त्यांनी उपरण्यानं मान पुसली. "तू शिकलेली आहेस. जा, सांग गावाला. तुझा आजा कमांडो होता म्हणून सांग. सुभेदार विचारेल, काय केलं त्यानं तिथं? तेबी सांग. मी नाय म्हणायला येणार नाय."

एस.टी. आली. कंडक्टरनं त्यांना हात देऊन वर घेतलं. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला हाक मारली. मी धावत गेले. मला वाटलं, त्यांना काही मागं घ्यायचं असेल.

"तो मला बघून हसला," ते म्हणाले. "पळस म्हणाला. इतक्या वर्षांनी मला त्या नावानं हाक मारणारा एकच माणूस जिवंत होता. त्याच्या गळ्यात पडलो ते खोटं नव्हतं. हे त्याला नको सांगू."

घरी

मी सांगितलं नाही. गवतातलं मला कळलंय, एवढंच सांगितलं. आबा ओट्यावर बसले होते, कोट घातलेलाच होता.

"मी उद्या चावडीत जाते," मी म्हणाले. "तुम्ही सगळ्यांना वाचवलंत. लढाईत असं करावं लागतं, हे लोकांना कळेल."

"कळंल का?"

"कळेल."

"आणि त्या पोराचं? बडबडला म्हणून कापला, असं पारावर बसून बोलतील. तंबाखू मळत बोलतील. त्यो ताप काय हुता, हे कुणाला म्हाईत हाय?" मग ते म्हणाले, "पळसाकडनं एकदा घेतलंय मी. आज त्यानं एवढंच मागितलं. तेबी परत घेऊ?"

"आणि तुमचं नाव?"

त्यांचा तळहात ओट्याच्या दगडावर हळूहळू फिरत होता. जागा बघून ठेवल्यासारखा. माझं लक्ष गेलं तसा त्यांनी तो उचलून मांडीवर ठेवला.

शिळा बसली त्या दिवशी गावजेवण होतं. सकाळीच मोकाशींचा गडी बैलगाडीतून मोठी पातेली, झारे आणि तांदळाची पोती घेऊन आमच्या दारात आला. मागून मोकाशी स्वतः आले, सोबत चारपाच जण. सगळे आधीच हसत होते.

"तात्या, आचारी कराडास्नं आणायचा हुता," मोकाशी म्हणाले. "मग म्हटलं, घरात लंगरवाला असताना भाईरचा कशाला? पलटणीला जेवू घातलंस, गावाला घालायला काय हरकत हाय?"

आई पुढं झाली. "सुभेदार, म्हाताऱ्या माणसाची चेष्टा..."

"चेष्टा कुठली, वैनी? मानाचं काम हाय."

"आबा, नाही म्हणा," मी म्हणाले.

आबा उठले. कोट काढून खुंटीला लावला. बाह्या दुमडल्या. "चूल कुठं मांडलीया?" त्यांनी विचारलं.

माझ्या आबांनी आयुष्यात चहासुद्धा केलेला नव्हता. आजी होती तेव्हा आजीनं केलं, नंतर आईनं. शाळेमागं मांडलेल्या त्या तीन चुलींपुढं ते उभे राहिले. पाणी किती घालायचं, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं नाही, आईला विचारलं नाही. आई मदतीला आली तर मोकाशींच्या माणसांनी तिला हसत हसत परत पाठवलं, "आचाऱ्याच्या कामात हात घालू नका." लाकडं ओली होती. आबा फुंकत होते, खोकत होते, झारा दोन्ही हातांनी धरून पातेल्यात फिरवत होते. पलीकडं भाषणं चालली होती. नावं वाचली जात होती. प्रत्येक नावाला टाळ्या पडत होत्या. वरून तिसरी ओळ दुसऱ्या कुणाची तरी होती.

भात खाली लागला आणि वर कच्चा राहिला. आमटीत मीठ दोनदा पडलं होतं. पंगत बसली. पत्रावळींवर भाताचे काळे गोळे पडले. पोरं नाकं मुरडायला लागली, बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. आबा स्वतः वाढत होते. चेहरा काळा झाला होता, भुवया जळल्या होत्या.

मोकाशींनी घास तोंडात घेतला, चावला, आणि सगळ्यांना दिसेल असा बाजूला थुंकला.

"अरारारा," ते म्हणाले. "ह्यो लंगरातबी नव्हता रे!"

सगळी पंगत हसली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. हसू ओसरेपर्यंत आबा बादली घेऊन त्यांच्यासमोर वाकून उभे राहिले.

"सुभेदार," ते म्हणाले, "आणखी वाढू?"